बिघाडाची टक्केवारी कोणत्या छेदावर? गेम कन्सोलच्या सर्वेक्षणांची विश्वासार्हता

सन २००९ च्या ऑगस्ट महिन्याच्या सुमारास अमेरिकेत एकाच यंत्राविषयी दोन परस्परविसंगत आकडे प्रसिद्ध झाले. ‘गेम इन्फॉर्मर’ या मासिकाने आपल्या सुमारे ५,००० वाचकांची पाहणी करून मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलच्या बिघाडाचे प्रमाण ५४.२ टक्के असल्याचे सांगितले. विस्तारित वॉरंटी विकणाऱ्या ‘स्क्वेअरट्रेड’ कंपनीने आपल्याकडे नोंद असलेल्या सुमारे १६,००० कन्सोलचा अभ्यास करून हेच प्रमाण २३.७ टक्के असल्याचे जाहीर केले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत खुद्द मायक्रोसॉफ्टकडून सांगितले जाणारे प्रमाण मात्र ३ ते ५ टक्के एवढेच होते.

दर वीस यंत्रांमागे एक बिघडणे आणि दर दोन यंत्रांमागे एक बिघडणे, यांत ग्राहकाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या स्थितीत यंत्र विकत घेणे हा सामान्य व्यवहार ठरतो, तर दुसऱ्या स्थितीत तो जुगार ठरतो. असे असूनही हे तिन्ही आकडे वृत्तपत्रांत आणि वृत्तवाहिन्यांवर सारख्याच विश्वासाने उद्धृत केले गेले. या प्रकरणाला आता बराच काळ लोटला असला तरी त्यातून निर्माण झालेला प्रश्न कायम आहे. वस्तू किती टिकते हे ग्राहकाला कळावे कसे, आणि त्याविषयीच्या सर्वेक्षणांवर त्याने कितपत विसंबावे?

तीन लाल दिव्यांचे प्रकरण

एक्सबॉक्स ३६० हा दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळण्याचा कन्सोल नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आला. भारतात त्याची विक्री २००६ साली सुरू झाली. या यंत्राच्या दर्शनी भागावर कळीभोवती प्रकाशाचे एक वर्तुळ होते आणि त्याचे चार भाग होते. यंत्रात गंभीर दोष निर्माण झाल्यास त्यांपैकी तीन भाग लाल रंगाने लुकलुकू लागत. खेळाडूंनी या दोषाला ‘रेड रिंग ऑफ डेथ’, म्हणजेच ‘मृत्यूचे लाल कडे’, असे नाव दिले.

तक्रारी वाढत गेल्या. अमेरिकेत सुरुवातीला केवळ ९० दिवसांची असलेली वॉरंटी डिसेंबर २००६ मध्ये एक वर्षाची करण्यात आली. त्यानंतर ५ जुलै २००७ रोजी मायक्रोसॉफ्टने तीन लाल दिव्यांच्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढविली आणि दुरुस्त्यांचे प्रमाण स्वीकारार्ह नसल्याची कबुली दिली. यासाठी कंपनीने १०५ ते ११५ कोटी डॉलरची तरतूद केली. कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा ही तरतूद अधिक बोलकी होती. खरोखरच ३ ते ५ टक्के यंत्रे बिघडत असती, तर एवढ्या मोठ्या रकमेची गरज पडली नसती, असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. तथापि, नेमकी किती यंत्रे परत आली, हा आकडा कंपनीने त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. ही पोकळी भरून काढण्याचे काम सर्वेक्षणांनी हाती घेतले.

आकडे वेगळे का आले?

दोन्ही पाहण्यांची तुलना केल्यास एक लक्षणीय गोष्ट दिसून येते. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ३ च्या बिघाडाचे प्रमाण मासिकाच्या पाहणीत १०.६ टक्के, तर वॉरंटी कंपनीच्या अभ्यासात १०.० टक्के आले. म्हणजे या यंत्राबाबत दोघांत जवळजवळ एकमत होते. निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी’ या कन्सोलबाबत हे आकडे अनुक्रमे ६.८ आणि २.७ टक्के होते. त्यामुळे ‘मासिकाचे वाचक अतिशयोक्ती करतात’ एवढेच स्पष्टीकरण पुरेसे ठरत नाही. केवळ अतिशयोक्ती हे कारण असते, तर प्लेस्टेशनचा आकडाही तेवढाच फुगला असता.

खरे कारण मोजणीच्या पद्धतीत दडलेले आहे. पहिला मुद्दा कालावधीचा. स्क्वेअरट्रेडचा आकडा खरेदीनंतरच्या दोन वर्षांचा होता. मासिकाने मात्र आपल्या वाचकांना कन्सोल कधी बिघडला होता काय, असे विचारले. एक्सबॉक्स ३६० हा प्लेस्टेशन ३ आणि वी यांच्यापेक्षा एक वर्ष आधी बाजारात आला होता. साहजिकच त्याला बिघडण्यासाठी एक वर्ष अधिक मिळाले होते.

दुसरा मुद्दा नोंदीच्या जागेचा. तीन लाल दिव्यांच्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट स्वतःच विनामूल्य करून देत असल्याने अनेक ग्राहक वॉरंटी कंपनीकडे फिरकण्याची शक्यताच कमी होती. आपल्या अभ्यासात या दोषाची नोंद प्रत्यक्षापेक्षा कमी झाली असावी, हे स्क्वेअरट्रेडनेही मान्य केले होते. म्हणजे १६,००० यंत्रांचा मोठा नमुना हाताशी असूनही नेमका सर्वांत गाजलेला दोष त्याच्या नजरेतून काही अंशी निसटत होता.

तिसरा मुद्दा उत्तर देणाऱ्यांचा. गेमविषयक मासिकाचा वाचक हा सर्वसामान्य ग्राहकापेक्षा अधिक वेळ खेळणारा असतो. घरातील लहान मुलांनी रविवारी तासभर वापरलेला कन्सोल आणि दररोज पाच-पाच तास चालणारा कन्सोल यांची झीज सारखी नसते. शिवाय ज्याचे यंत्र बिघडले, तो उत्तर देण्यास अधिक उत्सुक असतो.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एक हजार कन्सोलधारकांपैकी १६० जणांचे यंत्र बिघडले आहे. खरे प्रमाण झाले १६ टक्के. आता समजा, बिघाडाचा त्रास झालेल्यांपैकी ८० टक्के लोकांनी प्रश्नावली भरली आणि ज्यांचे यंत्र सुरळीत चालले आहे त्यांच्यापैकी केवळ २० टक्के लोकांनी ती भरली. अशा वेळी १२८ तक्रारदार आणि १६८ समाधानी ग्राहक, अशी एकूण २९६ उत्तरे जमा होतील. त्यांवरून काढलेले बिघाडाचे प्रमाण ४३ टक्के येईल. येथे कोणीही खोटे बोललेले नाही, आकडेमोडही बिनचूक आहे. तरीही निष्कर्ष वास्तवाच्या अडीचपटीहून अधिक आहे.

नमुना मोठा म्हणजे विश्वासार्ह?

अशा पाहण्यांच्या बचावासाठी सहभागी व्यक्तींची संख्या पुढे केली जाते. संख्याशास्त्राच्या इतिहासात या समजाला १९३६ सालीच तडा गेला होता. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या आधारे आल्फ्रेड लँडन विजयी होतील, असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले आणि लँडन यांना केवळ दोन राज्ये जिंकता आली. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून विजेत्याचे नाव अचूक सांगितले होते. नमुन्याचा आकार योगायोगाने होणारी चूक कमी करतो, परंतु निवडीतील पक्षपात दूर करू शकत नाही, हा धडा त्या निवडणुकीने दिला.

याउलट, लहान पण सुस्पष्ट नमुनाही उपयुक्त ठरू शकतो. स्क्वेअरट्रेडने फेब्रुवारी २००८ मध्ये १,०४० एक्सबॉक्स ३६० यंत्रांच्या नोंदींवरून बिघाडाचे प्रमाण १६.४ टक्के असल्याचे सांगितले होते. या आकाराच्या नमुन्यात योगायोगामुळे पडू शकणारा फरक दोन्ही बाजूंना सुमारे सव्वादोन टक्क्यांचा असतो. पुढे हाच आकडा २३.७ टक्क्यांवर गेला, याचा अर्थ आधीचा अभ्यास चुकीचा होता असा नव्हे. पहिला आकडा खरेदीनंतरच्या तुलनेने अल्प काळाचा होता, तर दुसरा पूर्ण दोन वर्षांचा. कालावधी न सांगता दिलेली टक्केवारी ही अंतर न सांगता दिलेल्या प्रवासखर्चासारखी असते.

त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. एकाच नावाने विकले जाणारे यंत्र आतून बदलत असते. मायक्रोसॉफ्टने २००७ आणि २००८ साली एक्सबॉक्स ३६० च्या अंतर्गत रचनेत सुधारणा केल्या आणि २०१० साली नवे, आटोपशीर रूप बाजारात आणले. जुन्या व नव्या यंत्रांची सरासरी काढल्यास सुरुवातीच्या ग्राहकाला धोका कमी भासतो, तर नंतरच्या ग्राहकाला तो अकारण अधिक वाटतो.

तक्रारींची टक्केवारी आणि यंत्रांची टक्केवारी

हा गोंधळ केवळ एका कंपनीपुरता मर्यादित नाही. निन्टेन्डोच्या ‘स्विच’ या कन्सोलच्या ‘जॉय-कॉन’ नियंत्रकांमध्ये, हात न लावताही पडद्यावरील पात्र सरकत राहण्याचा दोष आढळून आला. जानेवारी २०२१ मध्ये ‘ब्यूक’ या युरोपीय ग्राहक संघटनांच्या महासंघाने सुमारे २५,००० तक्रारी गोळा करून युरोपीय आयोगाकडे दाद मागितली. त्यांपैकी ८८ टक्के प्रकरणांत नियंत्रक वापराच्या पहिल्या दोन वर्षांतच बिघडले होते.

हा आकडा वाचताना सावधगिरी आवश्यक आहे. विकल्या गेलेल्या नियंत्रकांपैकी ८८ टक्के बिघडले, असा त्याचा अर्थ नाही. ज्यांनी तक्रार केली, त्यांच्यापैकी ८८ टक्के लोकांचे नियंत्रक दोन वर्षांच्या आत बिघडले, एवढाच त्याचा अर्थ आहे. छेद बदलला की टक्केवारीचा आशयही बदलतो. परंतु म्हणून या तक्रारी निरर्थक ठरत नाहीत. दोष लवकर उद्भवतो आणि तो अनेक देशांत आढळतो, हे त्यांनी निःसंशय दाखवून दिले. २०२३ साली निन्टेन्डोने युरोपात या नियंत्रकांची विनामूल्य दुरुस्ती करून देण्याचे मान्य केले.

भारतीय वाचकांसाठीही हा भेद महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एखाद्या कंपनीविरुद्ध किती तक्रारी आल्या, याची संख्या वेळोवेळी चर्चेत येते. ज्या कंपनीची विक्री मोठी, तिच्याविरुद्धच्या तक्रारीही स्वाभाविकपणे अधिक असतात. विक्रीची संख्या शेजारी ठेवल्याशिवाय या तक्रारींवरून गुणवत्तेची क्रमवारी लावणे योग्य ठरत नाही.

खरा आकडा कोणाकडे असतो?

वॉरंटीखाली परत आलेल्या प्रत्येक यंत्राची नोंद उत्पादकाकडे असते. यंत्र कधी विकले गेले, कधी परत आले आणि त्यातील कोणता भाग बदलला, हे त्याला ठाऊक असते. एक्सबॉक्स ३६० च्या दोषाचे सविस्तर स्पष्टीकरण मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२१ मधील आपल्या माहितीपटात दिले. यंत्र चालू-बंद होताना होणाऱ्या तापण्या-थंडावण्यामुळे सुट्या भागांच्या आतील जोडण्या तुटत होत्या, असे त्यात सांगण्यात आले. ही माहिती जनतेसमोर येण्यास यंत्र बाजारात आल्यापासून सोळा वर्षे लागली. केवळ ‘तुम्ही किती तास खेळता’ असे विचारणाऱ्या प्रश्नावलीतून हे कारण उलगडणे शक्य नव्हते, कारण प्रश्न तासांइतकाच चालू-बंदच्या फेऱ्यांचाही होता.

माहिती खुली करणे अशक्य नाही, याची उदाहरणे इतर क्षेत्रांत आहेत. अमेरिकेत २००० साली झालेल्या ‘ट्रेड’ कायद्यानुसार वाहन उत्पादकांना वॉरंटीचे दावे आणि ग्राहकांच्या तक्रारी यांची माहिती रस्ते सुरक्षा यंत्रणेला नियमितपणे कळवावी लागते. फायरस्टोन टायरच्या दोषांमुळे झालेल्या जीवघेण्या अपघातांनंतर हा कायदा संमत झाला होता. संगणक क्षेत्रात ‘बॅकब्लेझ’ ही माहिती साठवणूक सेवा देणारी कंपनी २०१३ पासून आपल्या हार्ड डिस्कच्या बिघाडाचे आकडे प्रसिद्ध करीत आली आहे. प्रत्येक डिस्क किती दिवस चालली, हे मोजून ती वार्षिक प्रमाण काढते. अर्थात, अहोरात्र चालणाऱ्या केंद्रातील डिस्क आणि घरगुती संगणकातील डिस्क यांचा वापर भिन्न असतो. परंतु छेद, कालावधी आणि बिघाडाची व्याख्या स्पष्ट असल्याने वाचकाला स्वतः निर्णय करता येतो.

गेम कन्सोलच्या बिघाडाने जीवितहानी होत नसल्याने त्यावर असे बंधन घालण्याची निकड कोणाला वाटली नाही. मात्र कष्टाने जमविलेल्या रकमेचा प्रश्न येथेही आहेच. भारतात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने सदोष उत्पादनाबद्दल उत्पादकाचे दायित्व निश्चित केले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू करून दुरुस्तीविषयीची माहिती एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. बिघाड झाल्यानंतर दाद मागण्याचे मार्ग यामुळे सुकर होतात. खरेदीपूर्वी जोखीम समजण्याचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही.

ग्राहकाने काय पाहावे?

२००९ सालच्या दोन पाहण्यांमध्ये टक्केवारीविषयी मतभेद असले, तरी क्रमवारीविषयी नव्हते. एक्सबॉक्स ३६० सर्वाधिक बिघडतो, प्लेस्टेशन ३ त्याखालोखाल आणि वी सर्वांत कमी, हे दोन्हींनी सांगितले. भिन्न पद्धतींनी केलेल्या पाहण्या एकाच दिशेला बोट दाखवितात, तेव्हा ती दिशा गांभीर्याने घ्यावी. आकडा मात्र तूर्त बाजूला ठेवावा. मायक्रोसॉफ्टने केलेल्या तरतुदीनेही तीच दिशा खरी ठरविली होती.

म्हणून अशी कोणतीही टक्केवारी समोर आल्यास चार प्रश्न विचारणे हिताचे आहे. ही टक्केवारी कोणाची आहे, विकलेल्या यंत्रांची, उत्तर देणाऱ्यांची की तक्रारदारांची? ती किती कालावधीची आहे? बिघाड कशाला म्हटले आहे? आणि आकडा जाहीर करणाऱ्याचा त्यात कोणता हितसंबंध आहे? वॉरंटी विकणाऱ्याला बिघाडाची भीती उपयोगी पडते आणि उत्पादकाला तिचा विसर सोयीचा असतो. या चार प्रश्नांची उत्तरे सर्वेक्षणातच दिलेली असतील तर ते वाचण्याजोगे आहे. ती दिलेली नसतील, तर टक्केवारीतील दशांश चिन्हानंतरच्या अंकाने प्रभावित होण्याचे कारण नाही.