जोड-उपचाराला देखरेखीची जोड हवी

शौचावाटे रक्त पडू लागले की अनसिंगसारख्या गावात मूळव्याध किंवा आव समजून घरगुती उपाय सुरू होतात. मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडले आहेत, हे निदान होईपर्यंत बराच काळ निघून जातो. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा विकार बहुधा ऐन तारुण्यात जडतो. तास घेणारा शिक्षक, कचेरीतील कारकून किंवा परीक्षेस बसलेला विद्यार्थी यांना दिवसातून दहा वेळा उठावे लागले, तर त्यांची नोकरी वा शिक्षण टिकावे कसे?

१९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी या रोगात कॉर्टिझोन उपयुक्त असल्याचे दाखवून दिले. तेव्हापासून तीव्र अवस्थेत स्टेरॉइडचा आधार घेतला जातो, आणि तो योग्यच आहे. तथापि स्टेरॉइड रोगाचा भडका शमविते. तो पुन्हा उसळू नये याची हमी देत नाही. स्वस्त आणि तत्काळ गुणकारी म्हणून ते वर्षानुवर्षे घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते आणि जंतुसंसर्ग बळावतो.

यातून सुटका करणारा एक मार्ग म्हणजे औषधांची जोड. मध्यम ते तीव्र रोगाच्या २३९ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. सोळा आठवड्यांनी स्टेरॉइडविना रोग शमलेल्यांचे प्रमाण केवळ अ‍ॅझाथायोप्रिन घेणाऱ्यांत शेकडा सुमारे २४, केवळ इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत २२, तर दोन्ही घेणाऱ्यांत ४० होते. याचे एक कारण असे की, इन्फ्लिक्सिमॅब हे प्रथिन असल्याने शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते आणि औषध निष्प्रभ होऊ लागते; अ‍ॅझाथायोप्रिन त्या प्रतिपिंडांना आळा घालते.

अर्थात हा लाभ फुकटचा नव्हे. दोन्ही औषधे प्रतिकारशक्ती दडपतात. आपल्या देशात क्षयाचे जंतू असंख्य लोकांच्या शरीरात सुप्त असतात, आणि इन्फ्लिक्सिमॅबमुळे ते जागे होऊ शकतात. म्हणून छातीची क्ष-किरण तपासणी आणि सुप्त क्षयाची चाचणी उपचारापूर्वीच व्हावयास हवी. अ‍ॅझाथायोप्रिनमुळे पांढऱ्या पेशी एकाएकी घटू शकतात. आशियाई लोकांत आढळणाऱ्या एका जनुकीय भेदामुळे हा धोका वाढतो. सबब रक्तगणना आरंभी वारंवार आणि पुढे नियमाने करावी लागते.

खरा प्रश्न येथेच आहे. औषधांची चिठ्ठी मोठ्या शहरातून आणता येते. देखरेख मात्र गावाजवळच हवी. इन्फ्लिक्सिमॅब आरंभीच्या तीन मात्रांनंतर साधारणपणे दर आठ आठवड्यांनी शिरेवाटे द्यावे लागते. त्यासाठी दर वेळी नागपूर गाठणे किती जणांना परवडेल? वाशीमला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. दुर्बिणीने आतड्याची तपासणी, शिरेवाटे औषध देण्याची सोय आणि अशा रुग्णांची नोंदवही तेथे असावी. साधी रक्तगणना अनसिंगच्या परिसरातच व्हावी आणि तिचा अहवाल तज्ज्ञापर्यंत पोहोचावा. ही मागणी अवास्तव नाही.

रुग्णांचेही कर्तव्य आहेच. बरे वाटले म्हणून औषध सोडणे आणि जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइड विकत घेणे, या दोन्ही सवयी घातक आहेत. देखरेखीवाचून दिलेली दोन औषधे हा दुप्पट उपचार नव्हे. तो दुप्पट धोका आहे.