टिपरीची लय आणि कोमल गंधार

दिवाळीच्या सुटींत नाकाडोंगरीचें आमचें घर भरून जातें, आणि घर भरलें कीं वादास तोटा नसतो. यंदाचा वाद संगीताचा होता. नागपुराहून आलेल्या नातीस शाळेच्या संमेलनांत टिपऱ्यांचा नाच बसवावयाचा आहे. त्यासाठीं तिनें निवडलेली चीज परदेशी वाद्यवृंदाची निघाली. ती ऐकून आमच्या धाकट्या बंधूंनीं भुवया चढविल्या; आम्ही मात्र, खरें सांगावयाचें तर, कान टवकारून बसलों.

चीज बेला बार्टोक या हंगेरियन पंडिताची. हे गृहस्थ 1881 सालीं जन्मले व 1945 सालीं वारले. ट्रान्सिल्व्हानियाच्या खेड्यापाड्यांतून ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन ते हिंडले आणि शेतकऱ्यांच्या व मेंढपाळांच्या चाली त्यांनीं टिपून घेतल्या. तेथील रुमानियन लोकांचे सहा नाच त्यांनीं 1915 सालीं पियानोसाठीं मांडले व 1917 सालीं लहानशा वाद्यवृंदासाठीं पुन्हा लिहिले. सगळे मिळून सहासात मिनिटांचें काम. त्यांतला पहिला नाच काठीचा. हा तरुण पुरुषानें एकट्यानें करावयाचा, आणि शेवटीं म्हणे उडी मारून खोलीच्या छताला लाथ लावावयाची! आमच्या ओसरीवर असें केल्यास कौलें दुरुस्त करण्याचा खर्च कोणी द्यावा, हा प्रश्न बंधूंनीं लगेच काढला.

सूनबाई पेटीवर बसल्या आणि त्यांनीं सूर शोधून काढले. गंधार कोमल, निषाद कोमल, धैवत बहुतेक ठिकाणीं शुद्ध. "मामंजी, ही चाल तर उदास आहे. मुलांच्या नाचाला कशी चालेल?" त्यावर नातवानें तोड काढली. हल्लींच्या फोनवर वाटेल त्या चिजेची गति एका बोटानें वाढवितां येते. त्यानें ती सव्वापट केली आणि म्हणाला, "आतां झाली आनंदी!"

मुलें टिपऱ्या घेऊन अंगणांत उतरलीं. दोनचार फेऱ्यांतच वर्तुळ मोडलें, आणि सर्वांत धाकटीच्या बोटावर टिपरी बसून रडारड झाली.

कोमल गंधार म्हणजे दुःख, ही समजूत पाश्चात्त्य संगीतशिक्षणांतली आहे.  पण सूनबाईंनीं काढलेले सूर म्हणजे पंडित भातखंड्यांच्या दहा थाटांतला आपला काफी. आणि काफींत आपण काय गातों? होरी! रंग उधळावयाचे तेव्हां ज्या सुरांची आठवण होते, त्यांस उदास कसें म्हणावें? याच सहा नाचांतला तिसरा नाच मंद गतीचा आहे. त्यांत लहान बांसरीवर भैरवांतल्यासारखें दोन सुरांमधलें लांब अंतर येतें आणि मन खरेंच हुरहुरतें. तेव्हां सुरांत भाव नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. एकट्या गंधारावर सारा दोष घालूं नये, इतकेंच.

आतां गतीचें. बार्टोकनीं काठीच्या नाचावर जी खूण लिहिली आहे तिचा अर्थ 'जलद, पण बेतानें' असा होतो. हा बेत कोठून येतो? देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानें लय ठोक्यांत पाहिली नाहीं. एका क्रियेनंतर दुसरीपर्यंत जी विश्रांति मिळते, तींत ती पाहिली. टिपरीचा नाच पाहावा म्हणजे हें डोळ्यांनीं दिसतें. एक आघात स्वतःच्या टिपऱ्यांचा, दुसरा शेजाऱ्याशीं. मधल्या अवकाशांत गुडघा वांकतो, कंबर वळते, हात पुढें जातो. तेवढी जागा ठेवली तरच नाच राहतो. ती चोरली कीं उरते केवळ मारामारी. आनंद त्या विश्रांतींत असतो, आणि नातवानें नेमकी तीच कापून टाकली होती.

हें शहाणपण आम्हांस आज सुचलें, वेळेवर सुचलें नाहीं. तीस वर्षांपूर्वीं एका शाळेंत आम्ही मास्तर असतांना संमेलनासाठीं असाच नाच बसविला होता. ढोलकीवर मंडईच्या दंडारींत वाजविणारे एक वाकबगार गृहस्थ बोलावले होते. पाहुण्यांपुढें जोम दिसावा म्हणून आम्ही मनगटावरचें घड्याळ पाहून त्यांस गति वाढवावयास सांगत होतों. ते इतकेंच म्हणाले, "पोरांचे पाय पाहा जी, गुरुजी." आम्हीं मुलांदेखत त्यांस दटावलें, कीं ताल शिकविण्याचें काम आमचें आहे. संमेलनाच्या दिवशीं ते आले नाहींत. आम्हीं पेटीवर वेळ मारून नेली, टाळ्याही मिळाल्या, आणि पुढें त्यांच्या घरावरून जातांना आम्ही छत्री थोडी खालीं धरूं लागलों.

भाऊबीज झाली कीं आमच्या या भागांत गांवोगांव मंडई भरते व रात्रीं दंडार उभी राहते. त्या दिवसांत ते घरींच सांपडतील हें ठाऊक होतें. नातीस बरोबर घेऊन आम्ही गेलों. आतां ते फार थकले आहेत. खाटेवरच बसले होते. नातीनें चीज मूळच्या गतीनें लावली. त्यांनीं डोळे मिटून ऐकली आणि विचारलें, "यात ढोलकी कोठं हाये जी?"

ढोलकी नव्हतीच. त्या वाद्यवृंदांत बांसऱ्या आहेत, शिंगें आहेत, तंतुवाद्यें आहेत. चर्मवाद्य एकही नाहीं. ठोक्याचें काम खर्जाच्या तंतुवाद्यांकडे आहे. हें आम्ही समजावून सांगत होतों, तों त्यांचें बोट खाटेच्या माच्यावर पडूं लागलें होतें. ठोक्यावर नव्हे, दोन ठोक्यांच्या मध्यें.

जुन्या गोष्टीचा उच्चार आम्हीं केला. शब्द नीट जुळले नाहींत. त्यांनीं ऐकलें कीं नाहीं कोण जाणे. नातीकडे वळून ते म्हणाले, "पुन्हा लाव, बाई."