राजकोटच्या गोलचा खोटा अभिमान

फुटबॉलच्या गप्पांत एक शोध आपल्याकडे पुन्हा पुन्हा लागतो: आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला जगातला पहिला गोल भारतात जन्मलेल्या माणसाने केला! इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची पहिली लढत 1872 साली गोलशून्य सुटली. मग 8 मार्च 1873 रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर दोघे पुन्हा भिडले आणि खेळ सुरू होतो न होतो तोच विल्यम केन्यन-स्लेनी याने गोल केला. जन्म राजकोटचा. स्कॉटलंडचा पहिला गोलही त्याच सामन्यात झाला. तो करणारा हेन्री रेनी-टेलयर जन्मला मसुरीत. दोघेही हौशी खेळाडू, दोघेही लष्करी अधिकारी. छाती फुगवायला आणखी काय हवे?

तपशील सगळे खरे आहेत. फुगवलेली छाती मात्र उसनी आहे.

केन्यन-स्लेनीचे वडील मुंबई इलाख्याच्या घोडदळात कॅप्टन होते म्हणून पोर काठेवाडात जन्मले, यापलीकडे राजकोटचा त्याच्याशी संबंध नाही. शिक्षण ईटनला आणि ऑक्सफर्डला. 1867 साली तो ग्रेनेडियर गार्ड्समध्ये दाखल झाला. म्हणजे ओव्हलवर गोल करताना तो लष्करात होताच, आणि लष्कराची नोकरी त्याच्या खेळाच्या आड येत नव्हती. 1873 सालीच वाँडरर्स संघातून त्याने एफए कपही जिंकला. त्या काळचा हौशी खेळाडू म्हणजे खेळाचे पैसे न घेणारा, आणि हा थाट ज्याला पैशाची ददात नाही त्यालाच परवडे. राजकोटच्या कुठल्या पोराला तो परवडला असता?

याच चरित्राच्या आधारे दुसरीही एक गोष्ट सांगितली जाते. मैदानाने सैनिक घडवला, गोल करणारा पाय रणातही डगमगला नाही, वगैरे. केन्यन-स्लेनी 1882 च्या इजिप्त मोहिमेत होता, तेल-अल-केबीरच्या लढाईतही होता, यात वाद नाही. पण त्या पहाटे गार्ड्सची ब्रिगेड मागच्या फळीत राखीव होती. त्याच लढाईत कालव्याच्या दक्षिणेकडून हिंदुस्थानी तुकडी चालून गेली. तीत पंजाबी पलटण होती, बलुची पलटण होती. त्या शिपायांनी ईटनच्या हिरवळीवर कधी चेंडू लाथाडला नव्हता, तरी ते लढलेच. मैदानाने शौर्य येते हे मत मांडणाऱ्यांनी आधी या शिपायांचा हिशेब द्यावा. (केन्यन-स्लेनी पुढे 1886 पासून मरेपर्यंत पार्लमेंटात बसला. त्याचेही श्रेय फुटबॉलला द्यायचे असेल तर द्या बापडे.)

मग फुटबॉल आणि लष्कर यांचे नाते खोटे का? नाही. पण ते चारित्र्याचे नाते नव्हे, पगाराचे आणि जेवणाचे आहे. चंदीगडहून डोंगर चढून गेले की सिमला. तिथल्या अॅनाडेलच्या मैदानावर 1888 साली ड्युरँड चषक सुरू झाला तो गोऱ्या पलटणींसाठी. पहिला भारतीय विजेता त्याला मिळाला 1940 साली, कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. खरे नाते दिसते ते पुढे, पीटर थंगराजच्या आयुष्यात. हैदराबादेत जन्मलेला हा पोरगा सिकंदराबादच्या क्लबांतून खेळत लष्करात गेला, वेलिंग्टनच्या मद्रास रेजिमेंटल सेंटरमध्ये. तिथे आघाडीवर खेळणाऱ्या थंगराजला गोलरक्षक करण्यात आले. त्याच्या सेंटरने 1955 आणि 1958 साली ड्युरँड जिंकला, आणि तो स्वतः आशियातला सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. कागदोपत्री तोही हौशीच. पण केन्यन-स्लेनीला हौस घरच्या पैशावर भागवता आली, थंगराजची हौस पलटणीच्या पगारावर टिकली. राजकोटच्या गोलचे पोवाडे गाणाऱ्यांना थंगराजचे नाव विचारून पाहा.

जन्मस्थानाचा हक्क किती पोकळ असतो, हे चंदीगडइतके दुसऱ्या कुठल्या शहराला कळावे? फाळणीत लाहोर गेले म्हणून हे शहर वसले. इथल्या जुन्या पिढीत कितीजण सीमेपलीकडे जन्मलेले! मिल्खासिंग हे या शहराचे भूषण. 2021 साली त्यांनी प्राण सोडला तोही इथेच. जन्म मात्र गोविंदपुऱ्याचा, जे आता पाकिस्तानात आहे. राजकोटवाल्यांचे तर्कशास्त्र लावले तर मिल्खांची पदके पाकिस्तानच्या खात्यात मांडावी लागतील. आहे तयारी? त्यांना धावायला लावले सिकंदराबादच्या लष्करी केंद्राने, आणि जादा ग्लासभर दुधाच्या ओढीने आपण धावलो हे ते स्वतः सांगत. देवकी कोण आणि यशोदा कोण, ते यावरून ठरवावे.

याच शहरात 2000 साली सरकारी फुटबॉल अकादमी निघाली. तेव्हा चंदीगडचे प्रशासक होते लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब, 1971 च्या युद्धातले. त्या अकादमीत मणिपूरच्या थौबालहून आलेली मुले राहिली, शिकली. त्यांतला अमरजित सिंग कियाम 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला. दुसरा जॅक्सन सिंग. त्याने कोलंबियाविरुद्ध हेडरने केलेला गोल हा फिफाच्या स्पर्धेतला भारताचा पहिला गोल.

इथे कोणी म्हणेल, मग हा गोल मणिपूरचा नाही का? आहे, निश्चित आहे. पण तो हक्क सुईणीच्या साक्षीने मिळालेला नाही. गल्लीगल्लीत पोरांना चेंडूमागे पळू दिले, म्हणून मणिपूरने तो कमावला. बाकीचा हक्क चंदीगडचा, आणि तोही एकट्या सरकारी अकादमीचा नाही. विश्वचषकाआधी जॅक्सन मिनर्व्हात गेला होता. ही मिनर्व्हा मुळात लष्करात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांची तयारी करून घेणारी संस्था, आणि तिचाच संघ 2018 साली आय-लीगचा विजेता झाला.