घरचें यंत्र : ओव्यांची तबकडी

बुलढाण्याच्या एक भगिनी विचारतात कीं, दिवंगत सासूबाईंच्या जात्यावरील ओव्या पुनर्लेखनाच्या सीडीवर, म्हणजे सीडी-आरडब्ल्यूवर, घेऊन ठेविल्या आहेत. परंतु मोठ्या दिरांच्या जुन्या संगणकांत ती घालतांच 'तबकडी फॉर्मॅट करावयाची काय?' असा प्रश्न येतो. काय करावें?

प्रथम 'नको' म्हणावें! फॉर्मॅट करणें म्हणजे पाटी पुसणें. आणि मुलांचें बोट तर 'होय'कडेच आधीं धांवतें. तबकडी कोरी आहे असें नव्हे. यंत्रास तिची लिपि उमगत नाहीं, इतकेंच. पेनड्राइव्हप्रमाणें एकेक फाइल टाकलेली 'यूडीएफ' पद्धतीची तबकडी जुन्या प्रणालींस पुष्कळदां वाचतां येत नाहीं. शिवाय १९९७ सालीं निघालेल्या ह्या जातीच्या तबकड्या जेमतेम १५ ते २५ टक्के प्रकाश परत फेंकतात, साधी सीडी सुमारें ७०. तेव्हां जुनीं यंत्रें चांचपडतात.

ज्या संगणकावर ओव्या घेतल्या त्यावरच तबकडी उघडावी, ओव्या हार्ड डिस्कवर व पेनड्राइव्हवर उतरवाव्या, आणि मग एकदांच लिहावयाच्या सीडी-आरवर 'ऑडिओ सीडी' करून घ्यावी. ती दिवाणखान्यांतील जुन्या सीडी प्लेअरवरहि बहुधा चालेल. मूळ तबकडी मात्र नव्या प्रतींतील प्रत्येक ओवी ऐकून होईपर्यंत पुसूं नये.