किल्लीबहाद्दरांचा उलगडा

डेव्हिड लिंच यांचा 'मलहॉलंड ड्राइव्ह' हा चित्रपट २००१ सालीं प्रसिद्ध झाला. २०१६ सालीं बीबीसीनें १७७ समीक्षकांचा कौल घेतला, त्यांत या शतकांतील चित्रपटांमध्यें त्याला पहिलें स्थान मिळालें. इतका मान मिळूनही त्याच्या वांट्यास जें आलें तें रसग्रहण नव्हे. आली ती कोडें सोडविणारांची गर्दी. त्यांचा उलगडा ठरीव आहे. पहिले सुमारें दोन तास म्हणजे डायॅन सेल्विन या अपयशी नटीचें स्वप्न, आणि उरलेला भाग म्हणजे सत्य. सत्यांत तिनें आपल्या प्रेयसीचा, कमिलेचा, भाडोत्री मारेकऱ्याकडून खून करविला. स्वप्नांत ती स्वतः बेटी नांवाची निष्पाप, गुणी मुलगी झाली आणि स्मृति गमावलेली कमिला 'रीटा' म्हणून तिच्या आश्रयास आली. चित्रपट पुनः पाहावयाचा तो हा हिशेब ताडून पाहण्यासाठीं, अशी या किल्लीबहाद्दरांची समजूत आहे.

हा उलगडा खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तो बहुतांशीं बरोबर असेल. परंतु तो हातीं आला कीं काम संपलें, हें आम्हांस मान्य नाहीं. इसापनीतींतील गोष्टींखालीं छापलेलें तात्पर्य तेवढें वाचून पान उलटणाऱ्या मुलाची ही रीत आहे.

बेटी आपल्या परीक्षेचा प्रवेश घरीं रीटेबरोबर म्हणून पाहते. त्या वेळीं ती संतापानें ओरडते, आणि लिखाण किती टाकाऊ आहे म्हणून दोघी हंसतात. पुढें चित्रशाळेंत एका प्रौढ नटासमोर तींच वाक्यें ती जवळजवळ कुजबुजत, त्याला बिलगून म्हणते, आणि खोलींतील माणसें स्तब्ध होतात. एकही शब्द बदललेला नाहीं! 'हें सारें स्वप्न' असें म्हटल्यानें या जागेवर कोणता प्रकाश पडला? येथें अर्थ शब्दांत नव्हताच. तो स्वरांत, श्वासांत आणि दोन देहांमधील अंतरांत होता. कथानकाचा सारांश काढणाराच्या हातीं तो कधींच लागावयाचा नाहीं.

याहूनही मोठी गोष्ट 'सिलेन्सिओ' या रंगगृहांतील. तेथील सूत्रधार आरंभींच बजावतो कीं येथें वाद्यवृंद नाहीं, सर्व कांहीं आधींच मुद्रित केलेलें आहे. नंतर रेबेका डेल रिओ ही गायिका रॉय ऑर्बिसनचें एक जुनें विरहगीत स्पॅनिशमध्यें गाते. गातां गातां ती कोसळते, तिला उचलून नेतात, आणि गाणें तसेंच चालूं राहतें. बेटी व रीटा तोंवर ढसढसां रडत असतात. दुसऱ्या खेपेस पाहतांना आम्हांस सर्व ठाऊक होतें. तरी आमचे डोळे कोरडे राहिले नाहींत. 'हें खरें नव्हे' हा किल्लीबहाद्दरांचा महान् शोध त्या सूत्रधारानें त्यांच्याआधीं भर रंगमंचावर जाहीर केला आहे, आणि दुःखापुढें तो किती दुबळा ठरतो हेंही लगोलग दाखविलें आहे. खोटें आहे हें कळल्यानें डायॅनचा अपराध हलका होत नाहीं, तिचा शोकही नाहीं.

शिवाय निर्मितीचा इतिहासही या मंडळींस अनुकूल नाहीं. मूळ काम एबीसी या अमेरिकन दूरचित्रवाणी कंपनीसाठीं, एका मालिकेचा पहिला भाग म्हणून झालें. कंपनीनें तो १९९९ सालीं नाकारला. पुढें फ्रेंच पैशावर नवा भाग चित्रित होऊन त्याचा चित्रपट झाला. म्हणजे यांतील कितीएक प्रसंग ज्या वेळीं घेतले गेले, त्या वेळीं कथा पुढें चालूं राहावयाची होती. तेथील प्रत्येक वस्तु शेवटाकडे बोट दाखविण्यासाठींच मांडली होती, हें म्हणणें मग कसें टिकणार?

या छंदास लिंच यांनींही थोडें खतपाणी घातलें, हें कबूल केलें पाहिजे. २०२५ च्या जानेवारींत निधन होईपर्यंत त्यांनीं या चित्रपटाचा अर्थ सांगितला नाहीं. पण डीव्हीडीबरोबर दहा सूचना मात्र छापूं दिल्या. ही थट्टा असली तरी आम्हांस ती आवडली नाहीं. लोक दिव्याचें लाल झांकण, रक्षापात्र आणि कॉफीचा पेला यांच्या नोंदी करीत बसले. सिलेन्सिओमध्यें काय जाणवलें, हेंही त्याच सूचनांत विचारलें होतें, त्याचें उत्तर द्यावयास फारसें कोणी थांबलें नाहीं.

आणि ती निळी किल्ली? काम झाल्याची खूण म्हणून मारेकरी ती डायॅनला दाखवितो. ती विचारते, हिनें काय उघडतें? तो नुसता हंसतो.