पोटगी, प्राप्तिकर आणि संसदेचे मौन

सहा दशकांहून अधिक काळ चाललेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला. ८१९ कलमांची ५३६ झाली, भाषा सुटसुटीत झाली. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने मूळ विधेयकाची छाननी केली. लोकसभेने मात्र ११ ऑगस्टला सुधारित विधेयक गदारोळात, फारशा चर्चेविना मंजूर केले आणि दुसऱ्याच दिवशी राज्यसभेनेही त्यावर मोहोर उमटवली. या खटाटोपात एक प्रश्न होता तिथेच राहिला. घटस्फोटानंतरची पोटगी करपात्र आहे की नाही, याचे थेट उत्तर जुन्या कायद्यात नव्हते, नव्यातही नाही.

ते उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८० च्या दशकातील एका निकालात शोधावे लागते. एकरकमी पोटगी ही भांडवली प्राप्ती, म्हणून करमुक्त. दरमहा मिळणारी पोटगी हे उत्पन्न, म्हणून करपात्र, असा त्याचा सारांश. देणाऱ्याला मात्र या रकमेची वजावट मिळत नाही. एखाद्या सरकारी कर्मचाऱ्याच्या वेतनातून न्यायालयाच्या आदेशाने पोटगी कापली जात असली, तरी त्याचा कर पूर्ण वेतनावर आकारला जातो. तीच रक्कम मग पूर्वपत्नीच्या विवरणपत्रात ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून दाखवावी लागते. म्हणजे एकाच रुपयावर दोनदा कराची टांगती तलवार.

नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर उरत नाही, त्यामुळे केवळ पोटगीवर जगणाऱ्या अनेकींना झळ बसणार नाही, हे खरे. परंतु नोकरी करून मुलांना वाढवणाऱ्या स्त्रीच्या वेतनात पोटगीची भर पडली की ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. एकरकमी तडजोड ज्याला परवडते, त्या धनिकाच्या घरात कर नाही. मासिक पगारावर संसार मोडणाऱ्या मध्यमवर्गाच्या वाट्याला मात्र तो येतो. कराचा भार कुवतीनुसार असावा, या तत्त्वाचाच हा विपर्यास आहे.

इतर बाबतींत कायदा घटस्फोट ओळखतो, पण अर्धवट. पतीने पत्नीच्या नावे विनामोबदला केलेल्या घराचे उत्पन्न पतीच्याच खाती धरले जाते. विभक्त राहण्याच्या कराराच्या अनुषंगाने ते दिले असेल तर नाही. साहजिकच कागदावरील कराराचा उल्लेख आणि तारीख निर्णायक ठरते. अज्ञान मुलाच्या नावावरील ठेवीचे व्याज, विवाह टिकून असताना, अधिक उत्पन्न असलेल्या पालकाच्या उत्पन्नात मिळवले जाते. विवाह संपल्यावर ते मुलाचे पालनपोषण करणाऱ्याकडे जाते. दोघेही खर्च उचलत असतील तर काय, यावर कायदा गप्प आहे.

पोटगीवर वजावट दिल्यास कर वाचवण्यासाठी कागदोपत्री घटस्फोट होतील, हा आक्षेप निराधार नाही. मात्र त्यावर उपाय आहे. अमेरिकेने २०१८ नंतरच्या घटस्फोटांसाठी देणाऱ्याची वजावट काढून घेतली आणि त्याच वेळी घेणाऱ्याला करातून मुक्त केले. कर एकदाच लागतो आणि पळवाटही उरत नाही. वैवाहिक वास्तवाप्रमाणे कर आकारण्याचे आपल्यालाही वावडे नाही. पोर्तुगीज नागरी संहितेखालील गोव्यातील दांपत्यांचे वेतनाखेरीज उत्पन्न दोघांत समसमान विभागण्याची तरतूद प्राप्तिकर कायद्यात पूर्वीपासून आहे.

४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यांत दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. विवरणपत्र आता न्यायालयातला पुरावा असताना, त्यात पोटगी कशी दाखवावी याचा निवाडा चार दशकांपूर्वीच्या एका निकालावर सोडणे संसदेला शोभणारे नाही. न्यायालयाने ठरवलेली मासिक पोटगी घेणाऱ्याच्या हाती करमुक्त, एवढे एक वाक्य पुढील वित्त विधेयकात पुरेसे आहे. पाचशे छत्तीस कलमांच्या कायद्याला त्याचे ओझे होणार नाही.