धसका आणि बीपीची गोळी

मागच्या वर्षी मेलबर्नमधल्या एका घरगुती गणपतीत, उकडीच्या मोदकांच्या ताटाशेजारी उभं राहून एका काकांनी माझ्या भावोजींना मिठावर व्याख्यान दिलं. लोणचं बंद, पापड बंद, सकाळी लसणाची पाकळी, रोज पाच किलोमीटर चालणं. भावोजी मान हलवत होते. ताई माझ्याकडे बघत नव्हती, कारण मला खरं माहीत होतं. भावोजींना बीपी नाही. गोळी मात्र बीपीची आहे.

भावोजी इथे ट्रेन चालवतात. तीन वर्षांपूर्वी एका पहाटे त्यांच्या गाडीसमोर एक माणूस आला. ब्रेक लावल्यावर गाडी थांबेपर्यंत जो वेळ जातो, तो त्यांच्या आयुष्यातून अजून गेलेला नाही. दिवसा ठीक असायचे. रात्री दोन-अडीचला घामाने चिंब होऊन, पाय ताठ करून उठायचे, जणू पलंगालाच ब्रेक लावताहेत. मग झोपायचीच भीती बसली. अखेर मानसोपचारतज्ज्ञाने निदान केलं पीटीएसडीचं, समुपदेशन सुरू केलं आणि रात्रीसाठी प्राझोसिन दिलं. घरी येऊन ताईने डब्यातला कागद वाचला: रक्तदाब, प्रोस्टेट. पीटीएसडीचा उल्लेख कुठेच नाही. तिचा पहिला प्रश्न, "डॉक्टर चुकला का?" आणि दुसरा विचार (हे तिने मला फार नंतर सांगितलं): बरं झालं, लोकांना सांगायला सोपं.

माझं भांडण आहे ते या दुसऱ्या विचाराशी. पण आधी गोळीबद्दल, कारण ही गोळी आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

आमचं गाव पोलादपूरजवळ. पावसाळ्याच्या तोंडाला लाल विंचू निघायचे आणि विंचू उतरवणाऱ्याकडे माणसं धावायची. मोठा माणूस बहुधा वाचायचा, पोर बऱ्याचदा जायचं. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनॅलिन-नॉरॲड्रेनॅलिनचा पूर येतो. हातपाय गार, दरदरून घाम, रक्तदाब चढलेला, मग हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून टिपलं. हा पूर अडवायला त्यांनी जी साधी गोळी वापरली, ती हीच, प्राझोसिन. १९८६मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी ते मांडलं. जिथे गंभीर रुग्णांतले चाळीस टक्क्यांच्या आसपास दगावत, तिथे ते प्रमाण एक टक्क्यावर आलं. तेव्हाही डब्यावर 'विंचूदंश' असं छापलेलं नव्हतं. कोकणातल्या कुठल्याही आईने त्यावरून हुज्जत घातल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता धसक्याकडे या. जबर आघात झालेल्या माणसाच्या मेंदूत रात्री तसाच पूर येतो. विंचू बाहेर नसतो, एवढाच फरक. प्राझोसिन मेंदूपर्यंत पोचतं आणि नॉरॲड्रेनॅलिन जिथे जाऊन धडका देतं त्यातली काही दारं लावून घेतं. अमेरिकेतल्या सिॲटलचे डॉ. मरे रास्किंड यांना व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमध्ये हे दिसलं. २००३मधला त्यांचा अभ्यास अवघ्या दहा जणांचा होता, पण वर्षानुवर्षं रोज रात्री युद्धात परत जाणारी माणसं झोपू लागली होती.

इथे थांबलं तर गोष्ट छान होते, आणि व्हॉट्सॲपवर ती इथेच थांबते. "ट्रॉमावर पाच पैशांची जादूची गोळी, कंपन्या तुम्हाला सांगणार नाहीत" असा मजकूर मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला आहे. त्या सगळ्यांना माझं उत्तर: २०१८. त्या वर्षी ३०४ माजी सैनिकांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात प्राझोसिन नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. का, यावर वाद आहे. त्या अभ्यासात फार अस्थिर रुग्ण घेतले नव्हते, असं रास्किंड यांच्या बाजूचे म्हणतात. सैनिकांवरच्याच एका आधीच्या अभ्यासात, मुळात रक्तदाब थोडा चढा असलेल्यांना या गोळीचा जास्त उपयोग झालेला दिसला होता. म्हणजे काहींच्या धसक्यात हा पूर मोठा असतो, काहींच्या नसतो, असं असू शकेल. अमेरिकन सैन्य आणि माजी सैनिक खात्याच्या २०२३च्या मार्गदर्शिकेत आघातातून येणाऱ्या दुःस्वप्नांसाठी ही गोळी सुचवली आहे, पण हातचं राखून. मला हा सावधपणा आवडतो. भावोजींना गुण आला, म्हणून तुमच्या मेहुण्यालाही येईल असं मी म्हणणार नाही.

आणि गुण आला म्हणजे काय आलं? ते रात्री उठणं थांबलं नाही, कमी झालं. आठवड्यात सहा रात्रींवरून एक-दोन. त्यामुळे दिवसा समुपदेशकासमोर बसून त्या पहाटेबद्दल बोलण्याइतकं त्राण राहू लागलं. खरं काम तिथे होतं. गोळीने पूर ओसरतो, घरातला गाळ माणसालाच काढावा लागतो.

आता भांडणाकडे. "बीपी आहे" या थापेने कुणाचं काय बिघडतं, असं ताई म्हणते. मी सांगते काय बिघडतं.

काका पुण्याहून आले तेव्हा प्रेमाने भावोजींसाठी "तीच गोळी" घेऊन आले. इथे डॉक्टरकडे जायचं, पैसे घालवायचे, त्यापेक्षा बॅगेत चार पाकिटं. आणलेली गोळी पाच मिलिग्रॅमची आणि हळूहळू सुटणारी. भावोजींची साधी, एक मिलिग्रॅमपासून सावकाश वाढवत नेलेली. त्यातून मधले सहा-सात दिवस त्यांच्या गोळ्या संपल्या होत्या. प्राझोसिन असं मध्ये सुटलं की पुन्हा तळापासून चढवत न्यावं लागतं, कारण पहिल्याच मोठ्या डोसाने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. भावोजींनी काकांची गोळी घेतली, रात्री बाथरूमला उठले आणि बेसिनवर आपटले. भुवईवर चार टाके. काकांना खरं कारण माहीत असतं, तर बीपीच्या गोळ्या म्हणजे सगळ्या सारख्या, असं त्यांना वाटलंच नसतं. घरातल्या घरात बोललेल्या खोट्याला टाके पडतात.

दुसरं असं की, थाप एका माणसापुरती राहत नाही. भावोजींसारखी इथे किती माणसं असतील याचा विचार करा. रात्रपाळीच्या परिचारिका, रुग्णवाहिकेवरचे लोक, बसचालक, सर्व्होच्या काउंटरवर एकटी उभी असताना चाकू पाहिलेली विद्यार्थी मुलं. यातल्या प्रत्येकाला वाटतं, आपल्या लोकांत असं कुणालाच होत नाही. कारण आपल्या लोकांत सगळ्यांना बीपीच असतं! मीठ कमी करा मंडळी.

माझ्या डोक्यात जातं ते हे की, यासाठी शब्द आपल्याकडे होता. 'धसका.' "तिने मुलाच्या अपघाताचा धसका घेतला" हे आजी सहज म्हणायची, त्यात लाज नव्हती. माणसाने घेतला, माणसाला बसला, उतरायला वेळ लागेल. आपण तो शब्द गावी ठेवून आलो आणि इथे 'स्ट्राँग' झालो. मग वर्क-व्हिसा, घराचा हप्ता, मुलांची शाळा, आणि या सगळ्यात धसका बसायला कुणाला परवानगीच नाही. वर विंचू उतरवणारेही सोबत आणले आहेत. आता ते मंत्राऐवजी प्राणायामाचा व्हिडिओ पाठवतात. प्राणायामाबद्दल माझी तक्रार नाही, मी स्वतः करते. पण फुप्फुसात पाणी भरलेल्या पोरापुढे मंत्र म्हणत बसणाऱ्याला बावस्करांनी काय म्हटलं असतं, तेच मला म्हणायचं आहे.

थोडा राग या देशावरही. १ जुलै २०२३पासून पीटीएसडीसाठी एमडीएमए देण्याची परवानगी ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना मिळाली. असं करणारा ऑस्ट्रेलिया जगातला पहिला देश, म्हणून केवढा गाजावाजा झाला. होऊ दे. पण त्या उपचाराला हजारो डॉलर लागतात आणि भावोजींच्या गोळीला जेवणाच्या एका पार्सलइतके. तिचं पेटंट कधीच संपलं आहे. तिच्यावर नवा मोठा अभ्यास करून कुणाचा फायदा होणार? त्यामुळे ज्या प्रश्नाचं उत्तर खरं तर हवं आहे, म्हणजे ही गोळी नेमकी कुणाला चालते आणि कुणाला नाही, तो लोंबकळत राहतो. सैनिकांबद्दलच्या रॉयल कमिशनचा अहवाल २०२४मध्ये आला आणि निदान त्यांच्याबद्दल देश उघड बोलू लागला. ट्रेन चालवणाऱ्या कोकणातल्या माणसाबद्दल कोण बोलणार? आपणच ना?

आणि बोलायची सोयही आहे. जीपीकडून मेंटल हेल्थ प्लॅन घेतला तर मेडिकेअर वर्षाला दहा बैठकींचा काही खर्च देतं. इंग्रजीत रडता येत नसेल तर १३१ ४५० या नंबरवर दुभाषा मागता येतो. मी हे दोन्ही भावोजींच्या निदानानंतर शिकले. इथे येऊन मला सोळा वर्षं झाली होती.

हा लेख भावोजींनी वाचला आहे. "नाव टाकू नकोस, पण टाके टाक," एवढंच म्हणाले. यंदाच्या गणपतीत तेच काका पुन्हा भेटले. बीपी कसं आहे, असं त्यांनी विचारलं. ताईने ताटातला पापड उचलून भावोजींच्या पानात वाढला आणि म्हणाली, "यांना बीपी नाही हो काका. यांनी धसका घेतलाय. बसा, सांगते."